धूर जातो कुठं?

निंबोल्याहून निघताना धुरपदाबाईने लेकाला बजावलं होतं, की लीलाधरअप्पांच्या घरी तोंड उघडायचं ते फक्त खायला. एकदा बैलगाडीत बसताना सांगितलं, दुसऱ्यांदा बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाज्यापाशी, आणि तिसऱ्यांदा बुधवारा पेठेत अप्पांच्या ओट्यावर पाय धुताना.

"विलायतेची गोष्ट काढू नको, निंबा. तुले माह्या गळ्याची आन आहे."

"अन् कोनी इचारलं तं?"

"तं म्हन, थंडी लय होती. थंडीवर कोनी भांडत नाही."

बाईचं चुकत नव्हतं. निंबा जर्मनच्या लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर दोन वर्षं परमुलखात राहून आला होता. लढाई संपल्यावर जिंकल्याची मिरवणूक निघाली, तेव्हा सरकारने काही देशी लोकांना लंडन दाखवायला नेलं, त्यात हाही होता. एवढं पाहून आलेला जवान मुलगा, घरी केळीची बाग, तापीकाठची कसदार जमीन. स्थळं रांग लावायची. पण विलायतेपायी दोन सोयरिकी मोडल्या. एका घरी तो म्हणाला, उन्हाळ्यात तिकडे रात्री नऊ वाजता ऊन असतं. मुलीचा बाप दिवा लावायचं निमित्त करून उठला तो परत आलाच नाही. दुसऱ्या घरी त्याने सांगितलं, की एक गोरा साहेब भर रस्त्यात बसून दुसऱ्या माणसाचे बूट पुसत होता. तिथे तर पाव्हण्यांना पाणीसुद्धा मिळालं नाही. दोन्ही गोष्टी सोळा आणे खऱ्या होत्या, पण खऱ्याला साक्षीदार लागतो, आणि निंबाचे साक्षीदार सात समुद्रांपलीकडे होते.

आणि हे तिसरं स्थळ त्याला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. लीलाधरअप्पांची इतवारा पेठेत कपाशीची आडत होती. मागच्या हंगामात निंबा कपाशीची गाडी घेऊन गेला, तेव्हा अप्पांची विमल बापाचा डबा घेऊन आली होती. डबा ठेवून ती सरळ निघून जाईल की नाही? नाही. तिने कपाशीचं बोंड उचललं, तंतू ओढून पाहिला आणि बापाला विचारलं, "हा तुटतो कायले? मागच्याचा तं तुटत नव्हता." त्या दिवसापासून निंबाच्या मनात ती भरली ती भरलीच.

बैठकीत गादीवर लीलाधरअप्पा बसले होते. शेजारी त्यांचा मेहुणा, म्हणजे विमलचा मामा सुकलाल. हा सुकलाल गावाबाहेरच्या लालबागच्या ठेसनावर तीस वर्षं जमादार होता. नोकरी संपली, पण पितळी गुंड्यांचा कोट त्याने काही अंगावरून उतरवला नव्हता. चैत्राच्या उन्हातही कोट, आणि कोटात घामाघूम सुकलाल.

"आमच्या घरात एकच कायदा आहे," अप्पांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "माणूस गरीब चालंल, काळा चालंल, जरा आळशी बी चालंल. झूठ बिलकुल नाही चालनार. आडतीवर बसून मी झूठ इतकं ऐकलं आहे, की घरात आता जागा नाही."

"झूठ कायले बोलंल माहा लेक?" धुरपदाबाई घाईने म्हणाली. "तो तं बोलतच नाही."

"मग विलायत कशी होती, निंबाजी?"

"थंडी लय होती," निंबा म्हणाला.

"थंडी आमच्या अशीरगडावर बी पडते," सुकलाल म्हणाला. "तिकडची रेल कशी आहे, ते सांगा. आमी बी रेलचे माणसं आहोत. तीस साल."

निंबाने आईकडे पाहिलं. आईने डोळे मोठे केले. तो गप्प बसलाही असता, पण आतल्या दाराचा पडदा हलला आणि पडद्याखाली दोन पाय दिसले, ऐकायला अगदी टाचा उचलून उभे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तिकडं रेल जमिनीखालून चालते, मामा."

"खालून म्हंजे? बोगदा?"

"बोगदा डोंगरात असतो. हे शहराच्या पोटात. भर बजारात, दोन दुकानांच्या मधी एक दरवाजा. आपन म्हनू दुकानच आहे. आत गेलं की खाली उतरायचं. आन खाली ठेसन! इतवाऱ्याच्या बजाराच्या धा पट गर्दी. एक नाही, तीन गाड्या, एकीच्या पोटाखालून दुसरी, तिच्या खालून तिसरी. लोक एकीतून उतरतात, बोळीतून पळतात, दुसरीत बसतात. वर उन्हात यायचं कामच नाही."

आता निंबा रंगात आला होता. हवालदार सगळ्यांना घेऊन त्या ठेसनावर उतरला आणि 'इथं गाडी बदलायची' म्हणाला, ते त्याने सांगितलं. सगळे वळले, हा मात्र जिना पाहत उभा राहिला आणि चुकला.

"जिन्यात काय पाहायचं?" अप्पांनी विचारलं.

"तो चालतो, अप्पा. जिना चालतो. आपन पायरीवर उभं राहायचं, पाय हलवायचा नाही, पायरीच आपल्याले वर नेते. मी तीनदा वर गेलो, तीनदा खाली आलो. तोवर पलटन गेली निघून. मग सारा दिवस मी जमिनीखालीच. या गाडीत चढ, त्या गाडीतून उतर, आन फिरून त्याच ठेसनावर हजर."

"कोनाले इचारायचं की!"

"तिथं कोनी बोलत नाही न. डब्यात मानसं खच्चून, पन सगळे चूप. शेजारच्याकडं पाहत बी नाही."

खच्चून भरलेल्या डब्यात कुणी शेजाऱ्याला गाव विचारत नाही, पोरं किती ते विचारत नाही, हे ऐकून अप्पांना त्या लोकांची कीवच आली. पण विश्वास? छे!

"शेवटी तिकीटवालीनं मले बाहीर काढलं," निंबा म्हणाला.

"तिकीटवाली?" सुकलालने मान पुढे काढली.

"बाई होती. टोपी घालून तिकीट तपासत होती."

नेमकी त्याच वेळी अप्पांची बायको मनकर्णाबाई दराब्याचं ताट घेऊन आतून आली होती. रवा, तूप आणि साखर फेटून फेटून केलेला दराबा. बुऱ्हाणपुरात तो ताटात आला की पाव्हण्याने समजावं, गाडी रुळावर आहे. 'टोपी घालून बाई' हे शब्द कानावर पडताच ताट उंबऱ्यावर थबकलं.

"ठीक," सुकलाल म्हणाला. त्याने कोटाच्या सगळ्या गुंड्या लावल्या. वीस वर्षांपूर्वी फुकट्या उतारूंना पकडताना तो असाच गुंड्या लावायचा. "मले फक्त एवढं सांगा. तीन गाड्या, एकीखाली एक. वर शहर. मग धूर जातो कुठं?"

"धूर नाही, मामा."

"इंजिन आहे न?"

"इंजिनच नाही. बिजलीवर चालते."

सुकलाल उभाच राहिला. "ऐकलं का, भाऊजी? बिना इंजिनची गाडी! म्हंजे बिना मुंडक्याचा नवरदेव! तीस साल मी सिंगल पाहिले, सांधे पाहिले, इंजिनाखाली बकरी आली ते पाहिलं. पन गाडी अन् धूर नाही? धूर नाही तं गाडीले जोर येतो कुठून?"

अप्पांनी फक्त हळूच नकाराची मान हलवली, आणि मनकर्णाबाईने ताट फिरवलं. दराबा आला तसा आत गेला. धुरपदाबाईने पदराआडून लेकाच्या दंडाला असा चिमटा काढला, की लढाईत न निघालेला आवाज निंबाच्या तोंडून निघाला.

"पटंल असं काहीतरी सांग, मुडद्या," ती पुटपुटली. "हे बी घर गेलं तं मी तुले खेचराशी लावून देईन."

आता काय सांगावं? निंबाने घाबरून खिडकीबाहेर पाहिलं. समोर करंजावर बायका पाणी भरत होत्या. करंज म्हणजे दगडी हौद. बादशाही काळात डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलं, आणि त्या बोगद्याला हवा-उजेड मिळावा म्हणून लालबागच्या बाजूला थोड्या थोड्या अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या खणल्या. आजही पाणी तसंच येतं. बुऱ्हाणपूरच्या माणसाला म्हणूनच जमिनीखाली काय वाटेल ते चालतं, वर कुंडी मात्र पाहिजे.

"म्हंजे..." निंबा म्हणाला, "धूर आहे. थोडा आहे. पन तो कुंड्यांतून वर जातो."

"कुंड्या?" अप्पा पुढे सरकले.

"आपल्या आहेत न लालबागकडं, तशाच. जागोजाग."

"हां!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. "अरे भाई, मग हे आधी सांगायचं! कुंड्या आहेत म्हनल्यावर धुराचा सवालच नाही. सुकलाल, बस खाली."

सुकलाल बसला, पण गुंड्या उघडल्या नाहीत.

"किती कुंड्या?" अप्पांनी विचारलं. "आपल्या शंभरावर आहेत."

निंबाने अंदाज घेतला. "नव्वद असतील."

"नव्वद! बघ, लंडन झालं तरी आपल्याहून कमीच." अप्पांची छाती फुगली. "आन बांधल्या कोनी? साहेबाले कुंडीचं काय मालूम?"

"ते म्हनत होते," निंबाचा आवाज बारीक झाला, "की कारागीर हिंदुस्थानातून नेले होते."

"हिंदुस्थानातून म्हंजे कुठून? बुऱ्हाणपूरचं नाव घेतलं असंल कोनीतरी!"

घेतलं नव्हतं. पण अप्पांच्या तोंडावर इतकी आशा होती, की नाही म्हणणं जड गेलं. निंबाने होकाराची मान डोलावली, आणि अप्पांनी ओट्यावर जाऊन शेजारच्यांना हाका मारायला सुरुवात केली.

पाऊण घटकेत बैठक भरली. कुणी जरीवाला, कुणी आडत्या, कुणी नुसताच रस्त्याने जाणारा. ज्याच्या त्याच्या तोंडी एकेक सवाल, आणि निंबाची अवस्था अशी, की एक खोटं झाकायला दुसरं आणि दुसरं झाकायला चार. खाली पाणी लागत नाही का? लागतं, बायका भरून नेतात. डब्यात खरंच कुणी बोलत नाही? बोलतात की, आधी गाव विचारतात, मग गोत, मग पोरीचं कुठे जमलं का ते. आणि ती टोपीवाली बाई? ती बाई नव्हती, मिशी काढलेला साहेब होता, माझीच नजर चुकली. प्रत्येक उत्तराला माना डोलत होत्या. खरं सांगत होता तेव्हा घाम फुटला होता, आता खोट्यावर वारा घालायला दोन माणसं उभी होती.

"आन जिना?" अप्पांनी शेवटचं विचारलं. "तो चालत नसंल न?"

निंबाने पडद्याखाली पाहिलं. टाचा अजून उचललेल्या होत्या. "नाही," तो म्हणाला. "जिना कसा चालंल? आपनच चालतो." हे बोलताना त्याला मनातून फार वाईट वाटलं. सगळ्या विलायतेत त्याला जिनाच सगळ्यात आवडला होता. टाचा खाली टेकल्या, आणि पाय दिसेनासे झाले.

दराबा आला. नुसता आला नाही, दोनदा आला. अप्पा आता सुपारी फोडायची गोष्ट काढणार, तेवढ्यात सुकलाल बोलला.

"एक बात आहे, भाऊजी. हा घडीभरात दोन तऱ्हेचं बोलला. आधी धूर नाही, मग धूर आहे. आधी बाई, मग साहेब. आपल्यात सोयरिकीत शंका आली तं काय करतात? तापीचं पानी हातात घेऊन बोलायचं. उद्या सकाळी राजघाटावर यावं, पान्यात उभं राहावं, ओंजळीत पानी घ्यावं अन् ठेसनाचं सांगावं. बोलला तं सुपारी मी स्वता फोडतो."

"कबूल!" अप्पा म्हणाले. त्यांना पक्की खात्री होती. "सारा इतवारा घेऊन येतो मी. ऐकू दे सगळ्याले."

निंबाने हातातला दराबा परत ताटात ठेवला.

निघताना धुरपदाबाईने पाणी मागितलं. तांब्या घेऊन विमलच बाहेर आली. आई पाणी पीत होती तेवढ्यात ती जमिनीकडे पाहत निंबाला हळूच म्हणाली, "जिना चालतो म्हनत होते न तुमी? मग कुंड्या मधीच कुठून आल्या?"

"त्या... आहेत," निंबा म्हणाला.

"कुंड्या तं आमच्या इथं बी आहेत," विमल म्हणाली. "त्या ऐकायले मी पडद्यामागं पाय दुखवले नव्हते." आणि तांब्या घेऊन आत गेली.

निंबोल्याच्या वाटेवर बैलांनाच काय तो उत्साह होता. दोन कोस गेल्यावर धुरपदाबाई एकदम बोलायला लागली.

"खोटी शपथ घेशील तं तापीमाय सोडनार नाही. बाग तिच्याच काठी आहे. एका पुरात केळी, झोपडी, बैल, समदं नेईल."

"मग खरं बोलतो."

"खरं बोलशील तं पोरगी गेली. कालपर्यंत नुसता फेकाड्या होतास, आता शपथेवरचा फेकाड्या होशील. पाचव्या गावात बी कोनी दारात उभं करनार नाही." तिने कपाळावर हात मारला. "तूच चिमटा काढलास म्हनशील, ते बी म्हन एकदा."

"मी काही म्हनलो नाही, माय."

"तेच तं! नको तिथं बोलतोस, अन् इथं चूप!"

इकडे आड, तिकडे विहीर. निंबाने रात्री भाकरीही धड खाल्ली नाही. त्याला पुराची भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त त्या उचललेल्या टाचा डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. आजवर त्याचं खरं ऐकून कुणी हसलं होतं, कुणी उठून गेलं होतं. खोटं बोलल्यावर निराश झालेली ही पहिलीच.

सकाळी राजघाटावर पाहतो तर काय! पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. अप्पांनी संध्याकाळी साऱ्या इतवाऱ्यात सांगितलं होतं, की लंडनचं जमिनीखालचं ठेसन म्हणजे आपल्या कुंड्यांचीच नक्कल. व्यापाऱ्यांनी तर एक अर्जच तयार केला होता. करंजावर दगड बसवावा, आणि त्यावर कोरावं, की विलायत हे इथूनच शिकली. पहिली सही लीलाधरअप्पांची. तोच अर्ज फेट्यात खोचून अप्पा गुडघाभर पाण्यात उभे होते. दुसऱ्या बाजूला कोटाचे सोगे वर धरून सुकलाल. एका कडेला बायका, त्यांच्यात मनकर्णाबाई आणि विमल. पलीकडे धोबी आपले कपडे आपटत होते. त्यांना लंडनशी कर्तव्य नव्हतं.

निंबा दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला. त्याने ओंजळ भरली. पाणी निम्मं सांडलं, पुन्हा भरलं.

"बोला, जावईबापू," अप्पा म्हणाले. 'जावईबापू' म्हणाले! निंबाला रडूच कोसळणार होतं.

"तापीमायची आन घेऊन सांगतो," तो म्हणाला, "त्या ठेसनात कुंड्या नाहीत. धूर बी नाही. गाडी बिजलीवर चालते. डब्यात कोनी बोलत नाही. तिकीट बाईच तपासत होती, अन् जिना चालतो. काल पहिलं सांगितलं ते खरं, नंतरचं समदं खोटं."

धोब्यांची धपाधप चालू होती. पायऱ्यांवर एक अक्षर पोहोचलं नाही. लोक कानाला हात लावून "काय म्हनला? काय म्हनला?" करत राहिले. ऐकलं ते फक्त शेजारी उभ्या दोघांनी.

अप्पांचा चेहरा उतरत गेला. सुकलालचा मात्र उजळला.

"ऐकलं, भाऊजी?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुमच्या घरात बसून, तुमचा दराबा खाऊन झूठ बोलला! आता सांगतो मी सगळ्याले."

"बोललो," निंबा म्हणाला. ओंजळ अजून तशीच होती. "अप्पा, खरं बोललो तेव्हा तुमी ताट आत नेलं. खोटं बोललो तेव्हा दोनदा वाढलं. माहं चुकलंच. पन पोरगी मनात भरली होती, म्हनून बोललो. आता नाही दिली तरी चालंल, पन पान्यात उभं राहून मी खोटं बोलनार नाही."

अप्पांनी पायऱ्यांकडे पाहिलं. सगळा इतवारा तिथे होता. फेट्यातला अर्ज त्यांना टोचायला लागला. काल रात्रीपर्यंत ज्या ज्या माणसाला त्यांनी अडवून कुंड्यांची गोष्ट सांगितली होती, तो प्रत्येक जण समोर उभा होता. झूठ बोलणारा पोरगा एक होता. ते झूठ चाळीस दुकानांत पोहोचवणारे मात्र खुद्द अप्पा होते.

"सुकलाल," ते हळूच म्हणाले, "सांगायचं तं सगळं सांग. पान्यात उभा राहून बोललेला मानूस झूठ बोलत नाही, हे तूच म्हनलास न?"

"मीच म्हनलो."

"म्हंजे आता जे बोलला ते खरं. बिना इंजिनची गाडी आहे, हे खरं. धूर नाही, हे खरं. जा, वर जाऊन सांग लोकाले, की तीस साल तू ज्या इंजिनाले सलाम ठोकले, त्याच्याबिगर गाडी पळते. अन् तुह्या कामावर तिकडं बाई ठेवली आहे. टोपी घालून."

सुकलालच्या हातून कोटाचे सोगे सुटले आणि पाण्यात भिजले. त्याने निंबाकडे पाहिलं, पायऱ्यांवरच्या लोकांकडे पाहिलं. त्यांच्यात लालबागच्या ठेसनावरचे त्याच्या हाताखालचे चार हमालही होते. आजही ते त्याला 'जमादारसाहेब' म्हणत.

तो एकदम वळला आणि पाणी उडवत पायऱ्यांकडे निघाला. कोरड्या दगडावर दोन्ही पाय नीट टेकेपर्यंत तो बोलला नाही. पाण्यात उभं राहून खोटं बोलायची छाती त्याचीही नव्हती.

"कुंड्या आहेत!" तो ओरडला. "नव्वद! पोरानं तापीत उभं राहून सांगितलं! धूर कुंड्यांतूनच जातो! अन् तिकीट मर्द तपासतात!"

घाटावर एकच गलका झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी अप्पांच्या नावाचा पुकारा केला. जरीवाल्याने तर नव्वद आकडा कमी वाटतो, आणखी दहा असतील, अशी आपल्या मनाने भर घातली. निंबा पाण्यातच उभा होता. काय झालं ते त्याला कळेना. अप्पांनी त्याची ओंजळ धरून हळूच उलटी केली.

"झाली शपथ," ते म्हणाले. "आता बाहीर ये, पाय गारठतील."

सुपारी सुकलालनेच फोडली. त्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हतं. पण सुपारी फुटायच्या आधी अप्पांनी निंबाला घाटावरच्या पिंपळाआड नेलं.

"एक अट आहे," ते म्हणाले. "लग्नानंतर या गावात लंडनच्या ठेसनाची बात निघाली, तं खरं बोलायचं नाही. कबूल?"

"पन अप्पा, तुमच्या घरात झूठ..."

"माह्या घरात नाही रे. गावात! घरात तू बोलूच नको." अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, पिंपळाभोवती एक चक्कर टाकून कुणी नाही याची खात्री केली, आणि निंबाच्या कानाशी आले. "तो जिना... पाय बिलकुल हलवायचा नाही?"

"बिलकुल नाही, अप्पा."

"मग वरच्या टोकाले पोचल्यावर पायरी जाते कुठं?"

"जमिनीत शिरते."

"असं!" अप्पा म्हणाले, आणि बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिले.

वैशाखात लग्न लागलं. मांडवात येणारा जाणारा कुंड्यांचं विचारायचा आणि निंबा नव्वद सांगायचा. पंगतीत वाढता वाढता सुकलालमामा तीनदा त्याच्या पानाशी वाकला. तिन्ही वेळा त्याने दबक्या आवाजात एकच विचारलं, की ती टोपीवाली बाई बिनतिकिटाच्या माणसाला खरंच पकडते का, आणि पकडला तर तो ऐकतो का. ऐकतो म्हटल्यावर चौथ्या खेपेला तो जिलेबी घेऊन आला आणि न मागता वाढून गेला.

वरात निघाली. बैलगाडी शनवारा दरवाज्यातून बाहेर पडून निंबोल्याच्या रस्त्याला लागली. धुरपदाबाई पुढे गाडीवानाशी बोलत होती. तिला आता जगाशी कसलीच तक्रार नव्हती. मागे विमल डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. गाव मागे पडल्यावर तिने पदर जरा मागे सारला.

"घाटावर मामा ओरडले तेव्हा मले वाटलं, तुमी पान्यात उभं राहून बी खोटंच बोलले. रात्रभर रडले मी. मग सकाळी पाहिलं, तं अप्पा ओट्याच्या पायरीवर उभे. पाय हलवत नव्हते. नुसते उभे. मायनं हाक मारली तं लाजले." तिला हसू आवरेना. "तवा मले कळलं, काय बोलले असाल ते."

निंबा नुसता लाल झाला.

"आता सांगा," विमल त्याच्याकडे वळून बसली. "उतरायचा जिना वेगळा असतो, की तोच उलटा फिरतो? अन् लुगडं अडकलं तं? त्या बाईनं काय घातलं होतं? सारा दिवस खाली होते, मग जेवले काय? अन् हे पाहा, मले खरं सांगायचं. खोटं ऐकायले अख्खं बुऱ्हाणपूर बसलं आहे."